काचेला लावलेली पानं

सोमवार, ३ फेब्रुवारी

अहो,

पत्र बघून घाबरू नका. मी ठणठणीत आहे, फक्त जागा बदलली आहे. आणि पत्र कशाला, तर शनिवारी आपण फोनवर जे बोललो ते तुम्ही सोडून सगळ्या मजल्याने ऐकलं. कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं. व्हिडिओ कॉल लावला तर तुम्ही पडद्यावर स्वतःलाच बघून भांग पाडत बसता. मी आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून गावभरच्या लोकांची बोलणी जुळवून दिली आणि माझ्या नवऱ्याची लाइन काही लागत नाही. तेव्हा आता कागद.

पद्धत अशी आहे. तुम्ही लिहिलेला कागद आत येऊ शकतो, माझा बाहेर जाऊ शकत नाही. मी लिहायचं, पान आतून काचेला लावून धरायचं. सिस्टर बाहेरून मोबाईलवर फोटो काढतात आणि खाली डायलिसिसच्या सिस्टरना पाठवतात. त्या तो मोठा करून छापतात आणि तुमच्या हातात देतात. म्हणजे आपल्या दोघांच्या मध्ये आता दोन सिस्टर आहेत. वरच्या सिस्टर फोटो काढता काढता वाचतात, हे मला त्यांच्या भुवयांवरून कळतं. (सिस्टर, खुशाल वाचा. पण हसलात की फोटो हलतो.)

आता काय झालं ते सांगते. पोटाचं ऑपरेशन चांगलं झालं, ते तुम्हाला माहीत आहे. पण आयसीयूत बरेच दिवस निघाले आणि तिथे एक पाहुणी अंगाला चिकटली. तिथून हलवण्याआधी काखेत आणि जांघेत कापूस फिरवून तपासतात. त्यात बुरशी निघाली. पावावर हिरवी येते तसली नव्हे. ही दिसत नाही, खाजत नाही, वासही येत नाही. पलंगाच्या दांडीवर, रक्तदाबाच्या पट्ट्यावर आठवडेच्या आठवडे तग धरते, फिनेलला भीक घालत नाही. बुरशीवर जी मोजकी औषधं आहेत त्यातली बरीचशी तिने पचवून टाकलीत. हे सगळं मला बुरशीच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. त्या रोज येतात. चेहरा मी अजून पाहिलेला नाही, कारण इथे आत येणारा प्रत्येक जण पिवळा गाऊन, मास्क आणि हातमोजे घालून येतो. मी माणसं चपलांवरून ओळखते.

मला तिने काही केलेलं नाही. नुसती कातडीवर बसून आहे. मी आजारी नाही म्हणून औषधही देत नाहीत. फक्त माझ्याकडून दुसऱ्या कुणाकडे जाऊ नये म्हणून ही काचेची खोली. पडदे काढून टाकलेत, दिवसातून दोनदा सगळं ब्लीचने पुसतात, डोळे चुरचुरतात. आयसीयूत आम्ही दोघी जणी निघालो, मी आणि शेजारच्या पलंगावरची ती गणिताची शिक्षिका. तिला दुसरीकडे हलवलं.

तुम्हाला या मजल्यावर सोडणार नाहीत, तेव्हा पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नका. आणि डायलिसिसच्या आधी तुमचं वजन करतात त्या काट्याशीही नाही. आयुष्यभर दुकानदारांचे काटे दुरुस्त केलेत म्हणून जगातला प्रत्येक काटा खोटा असतो असं नाही. तुम्ही पाणी जास्त पिता, एवढंच.

तुमची,
मीच

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

अहो,

चिठ्ठी मिळाली. दीड ओळ. "घरी कधी येतेस? ताई मिठाला हात लावत नाही." अख्खा कागद कोरा ठेवून तुम्ही वाचवलात कोणासाठी?

वन्संना नावं ठेवू नका. मीठ तुम्हाला मना आहे. त्या स्वतःचं घर बंद करून या वयात तुमच्यासाठी येऊन राहिल्यात, आणि तुमच्या घरात येऊन राहणं म्हणजे काय, हे मला विचारा.

घरी कधी, हे मीही परवा डॉक्टरीणबाईंना विचारलं. टाके सुकले, चालते, जेवते, मग सोडा की.

"सोडायला माझी काहीच हरकत नाही," त्या म्हणाल्या. "घरी कोण कोण असतं?"

"मी आणि हे. आम्हाला मूलबाळ नाही."

"काकांची तब्येत?"

मी सांगितलं. मूत्रपिंड गेलेली, आठवड्यातून तीनदा इथेच खालच्या मजल्यावर डायलिसिस, गळ्याखाली नळी. त्या खुर्ची ओढून बसल्या. 

"हे बघा काकू," त्या म्हणाल्या, "धडधाकट माणसाला तुमच्यापासून भीती नाही. हात धुवायचे, टॉवेल वेगळा ठेवायचा, झालं. पण काकांची नळी थेट रक्तात जाते. तुमच्या अंगावरची बुरशी त्या वाटेने आत गेली, तर माझ्याकडे फार औषधं नाहीत. खरं सांगायचं तर एकच आहे, आणि तेही चालेलच असं नाही."

"मग माझ्या अंगावरून ही जाणार कधी?"

"काही महिन्यांनी जाईल. कदाचित जाणारही नाही."

मग त्यांनी तुमच्या हाताचं काढलं. तो फिस्टुला हो. गेल्या वर्षी जो करून घ्यायचा होता तो. हातातली शीर आणि धमनी एकमेकांना जोडायची, शीर फुगून दणकट व्हायला दीड-दोन महिने द्यायचे, मग सुई थेट तिच्यात. तो नीट चालला की नळी काढून टाकतात, भोक बुजतं. बुरशीला आयती वाट राहत नाही. त्या म्हणाल्या, तसं झालं तर मी तुम्हाला काकांकडे बिनधास्त नाही, पण बऱ्यापैकी निश्चिंत मनाने पाठवीन.

आता मी काय सांगणार ते तुम्हाला कळलंच आहे. गेल्या वर्षी हिरवा गाऊन अंगात असताना, पाठीमागच्या नाड्या लोंबत असताना तुम्ही ऑपरेशनच्या दारातून माघारी आलात आणि जिना उतरून थेट रिक्षात बसलात. रिक्षावाल्याने तुम्हाला डॉक्टर समजून भाडं घेतलं नाही, ही गोष्ट माझी आतापर्यंत सगळ्यांना सांगून झाली आहे. मोठमोठे धान्याचे काटे एकट्याने उचलणारा माणूस मनगटावरच्या चार टाक्यांना भितो, याचं मला हसू यायचं. आता येत नाही.

तेव्हा सरळ सांगते. तुमची नळी गेल्याशिवाय मी घरी येणार नाही. भित्रेपणा बास झाला. सर्जनना भेटा.

मीच

मंगळवार, ११ फेब्रुवारी

अहो,

माझ्या अंगाचा तिळपापड झाला आहे. अक्षर वाकडं आलं तर त्यामुळे.

सकाळी वरच्या सिस्टर काचेपाशी आल्या आणि हातवारे करून विचारायला लागल्या. मला काही समजेना. मग त्यांनी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं : "काकू, तुमची राखाडी शाल कुठे आहे?"

मी म्हटलं, घरी असेल. आयसीयूतलं सामान पिशवीत भरून तुमच्याकडे दिलं होतं, तेव्हा माझा रिपोर्ट यायचा होता. नंतर इथून फोन गेला होता ना तुम्हाला? पिशवीतलं सगळं उकळत्या पाण्यात ब्लीच घालून धुवा, नाहीतर टाकून द्या म्हणून? तुम्ही "हो हो, सगळं धुतलं" म्हणालात. ऐकू आलं नव्हतं असं म्हणू नका, वन्संनी शेजारी उभं राहून तुमच्या कानात ओरडून सांगितलं होतं.

आणि शाल तुमच्या गळ्यात. डायलिसिसला थंडी वाजते म्हणून, दर खेपेला, चार-चार तास, अगदी नळीवरून गुंडाळलेली. खालच्या सिस्टरनी विचारलं, "काका, ही बायकांची शाल कुठून आणली?" तर तुम्ही छाती फुगवून म्हणालात, "मिसेसची आहे. धुतलेली नाही. धुतली तर वास जाईल."

अहो, काय म्हणू मी तुम्हाला?

ती शाल आयसीयूत रात्रंदिवस माझ्या अंगावर होती. माझं सगळं अंग पुसून मला काचेत ठेवलं, आणि ती मात्र तुम्ही मिरवत होतात. आता तुम्हाला शेवटच्या कोपऱ्यातली खुर्ची दिलीय ना, सगळे गेल्यावर? सोबतची माणसं तुमच्याकडे पाहत नाहीत ना? नाहीच पाहणार. त्या प्रत्येकाच्या अंगात तुमच्यासारखीच कुठे ना कुठे नळी आहे, आणि तुमच्यामुळे त्या सगळ्यांच्या काखेत कापूस फिरवावा लागला. तो पुस्तकं बांधणारा म्हातारा, जो तुम्हाला शब्दकोडी आणून द्यायचा, त्याने तुमच्याशी बोलणं टाकलंय, हेही मला कळलं. मी असते तर मीही टाकलं असतं.

शाल जाळली. बरं झालं. वीण मी स्वतः घातली होती, तरी बरं झालं म्हणते.

तुमचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतील. ही बुरशी प्रयोगशाळेत उगवायला वेळ घेते आणि उगवली तरी भलत्याच नावाने ओळख देते, म्हणून पुन्हा पुन्हा तपासतात. तोवर ताप आला, हुडहुडी भरली, तर लगेच सांगायचं. "जरा अंग मोडून आलंय" असं म्हणत खाटेवर पडून राहायचं नाही. वन्संना रोज थर्मामीटर लावू द्या.

रागावलेली आहे. जेवले आहे. तुम्हीही जेवा.

मीच

गुरुवार, १३ फेब्रुवारी

अहो,

आज काही विशेष नाही. रिपोर्ट नाही. ताप नाही असं खालून कळलं, तेवढ्यावर मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मंगळवारी फार बोलले. बोलले त्यातलं काही परत घेत नाही, पण तुम्ही दोन दिवस कागद पाठवला नाहीत, तो पाठवा. कोरा पाठवलात तरी चालेल. सिस्टरना विचारलं, तुमची चिठ्ठी हातात धरून ठेवली तर तुमच्यापर्यंत काही पोचत नाही ना. त्या म्हणाल्या, "काकू, कागद आत आला की तो तुमचाच." मग मी तुमची ती मिठाची चिठ्ठी उशीखाली ठेवली.

मीच

बुधवार, १९ फेब्रुवारी

अहो,

रिपोर्ट आला. तुमच्या अंगावर काही निघालं नाही. तुमच्या सोबतच्यांपैकीही कुणाच्या नाही. सिस्टरनी बाहेरून दोन्ही हात हलवून नाही-नाही केलं आणि मला आधी वाटलं, तुम्हीच नाही. क्षणभर पलंगाची दांडी धरून उभी राहिले. मग त्यांना समजलं आणि त्यांनी अंगठा दाखवला.

आणि दुपारी तुमची चिठ्ठी. एवढ्या दिवसांनी तीन ओळी. "काही निघालं नाही. वाईट वाटलं. निघालं असतं तर तुझ्याच खोलीत टाकणार होते, मी विचारून ठेवलं होतं."

मी ती वाचली आणि चिरडून भिंतीवर मारली. मग उचलली, कारण खोलीत दुसरं वाचायला काही नाही.

आता एक गोष्ट सांगते. ती मी तुमच्यापासून लपवली होती आणि लपवूनच ठेवणार होते. शिक्षिकेला दुसरीकडे हलवलं असं मी लिहिलं होतं. हलवलं, पण ती आधीच गेलेली होती.

माझ्यापेक्षा बरीच लहान होती. मोठं आजारपण काढून आलेली, गळ्यापाशी नळी, तुमच्यासारखीच. पण तोंडाने तल्लख. आयसीयूतल्या मावशीच्या पोराला गणित जमत नव्हतं, तर मावशी पुसता पुसता उदाहरण सांगायची आणि ही पडल्या पडल्या सोडवून द्यायची. आम्ही दोघी पडद्याच्या फटीतून एकमेकींना भुवया उडवून दाखवायचो. मग तिला ताप आला. एक औषध दिलं, उतरला नाही. बदललं. पुन्हा बदललं. बुरशी रक्तात पोचली होती. डॉक्टरीणबाई रोज यायच्या, रोज खुर्ची ओढून बसायच्या, आणि एक दिवस त्या खुर्ची न ओढता उभ्याच राहिल्या. शिक्षिकेला कळलं. ती म्हणाली, "म्हणजे उरले किती, शून्य ना?" 

तिच्या अंगावरची आणि माझ्या अंगावरची एकच. आधी कुणाच्या होती, कुणाकडून कुणाकडे गेली, कुठल्या पट्ट्यावरून, कुठल्या दांडीवरून, ते इथे अजून शोधताहेत. माझ्यावर ती नुसती बसून राहिली आणि तिला घेऊन गेली. फरक एवढाच, की तिच्या अंगात आत जायला वाट होती आणि माझ्या नव्हती.

तुमच्या अंगात आहे.

म्हणून वाईट वाटलं वगैरे पुन्हा लिहू नका. मला बरं वाटलं. इतकं बरं मला लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

परवा मला सोडताहेत. मी वन्संच्या घरी जाणार, त्या तुमच्याकडेच राहणार. ठरलंय सगळं. सर्जनकडे कधी जाताय ते लिहा. "बघू" असं उत्तर आलं तर मी ते वाचणार नाही.

मीच

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

अहो,

तुमचं उत्तर आलं नाही. पण आता गरज नाही, मला सगळं समजलं.

मला दुपारी सोडणार आहेत. सकाळी वरच्या सिस्टर गाऊन चढवून आत आल्या, माझी पिशवी आवरता आवरता म्हणाल्या, "काकू, एक सांगू? रागावायचं नाही. खालच्या सिस्टरनी मला शपथ घातलीय, पण माझ्या पोटात राहत नाही."

"पोटात राहत नाही ते सांगून टाकावं," मी म्हटलं.

"तुम्ही पत्रात काकांना सारखं भित्रे, भित्रे म्हणता. ते भित्रे नाहीत हो."

गेल्या वर्षी त्या दारात काय झालं ते तिथल्या सगळ्यांना माहीत आहे, मी सोडून. सर्जन तुमच्या डाव्या हातावर पेनने खूण करत होते. समजावत होते, या हातात घड्याळ नको, पिशवी उचलायची नाही, या हातावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही, झोपताना त्याच्यावर वजन पडू द्यायचं नाही. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एकच प्रश्न विचारलात. "बायकोचं डोकं ठेवलेलं चालेल का?" सर्जन हसले. म्हणाले, "काका, आता या वयात? नाही चालणार. दाब पडला तर रक्त गोठेल, सगळी मेहनत फुकट." तुम्ही "बरं" म्हणालात, उठलात आणि चालू लागलात.

आधी मला हसू आलं. मग रडू आलं, आणि इथे मास्क फक्त त्यांना असतो, मला नाही, त्यामुळे सिस्टरना ते सगळं बघावं लागलं. त्यांनी हातमोजा घातलेला हात माझ्या पाठीवर ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या.

वर्षभर मी तुम्हाला बोलत होते. वन्संसमोर, जिन्यात, तो रिक्षावाल्याचा किस्सा रंगवून रंगवून. आणि तुम्ही मूग गिळून बसलात. कागद वाचवता तसे शब्द वाचवलेत. एकदा तोंड उघडलं असतंत तर?

मग मी शहाणी म्हणून विचार केला, की दुसरा हात आहेच ना, मी पलंगाची बाजू बदलून उजवीकडे झोपले की झालं. आणि मग लक्षात आलं. तुमचा उजवा कान पूर्ण गेलेला आहे. रात्री यंत्र काढून ठेवलं की तुम्हाला जे काही ऐकू येतं ते डाव्या कानाने, तेही माझं तोंड कानाशी असेल तरच. दिवसभर तुम्ही माझं ओरडणं ऐकता. बोलणं फक्त तेव्हा ऐकता. तुम्ही हाताचं नाही, त्या कानाचं गणित केलंत.

अहो, मी तेव्हा काय बोलते? वरच्या मजल्यावरचे भांडले कशावरून, दूध नासलं कसं, उद्या काय आणायचं. एवढं ऐकायला मिळावं म्हणून तुम्ही वर्षभर उरात उघडी वाट घेऊन फिरलात?

माझा तुमच्यावर फार जीव आहे. हे मी कधी म्हटलं नाही, तुम्हीही नाही, आपल्यात ती पद्धत नाही. पण आत्ता म्हणते, आणि सिस्टर फोटो काढणार आहेत, तर काढू देत.

ऐकणारा नवरा मला नको. असणारा हवा. पुढच्या बुधवारी सर्जन मोकळे आहेत. मी त्यांच्याशी परस्पर बोलून वेळ घेतली आहे, वन्सं तुम्हाला घेऊन येतील, आणि गाऊनच्या नाड्या त्या पाठीमागे गाठ मारून बांधणार आहेत. तुम्ही जा. माझ्यासाठी म्हणून जा.

मीच

सोमवार, ५ मे
वन्संच्या घरातून

अहो,

हे पत्र मोबाईलवर नाही, खरंखुरं कागदाचं आहे. वन्सं रोजच्यासारख्या दुपारी इथे आल्यात, संध्याकाळी तुमच्याकडे परतताना नेतील. त्यांनी आधी ते उन्हात वाळवायला ठेवायचं म्हटलं, मी म्हटलं, वन्सं, आता पुरे. या घरात मी कशालाही हात लावायच्या आधी पुसायचं आणि लावल्यावर पुन्हा पुसायचं, एवढा एक नेम त्यांनी धरलाय. टॉवेलांचे रंग उडाले. स्वयंपाकघराच्या ओट्याचीही चकाकी गेली. आणि तरी ज्या दिवशी मी बिछान्यातून उठले नाही त्या दिवशी, हातमोजे विसरून, त्यांनी माझं कपाळ चेपून दिलं.

हॉस्पिटलमधून निघताना तुमच्या चिठ्ठ्या तिथेच राहिल्या. आत आलेला कागद बाहेर नेता येत नाही, पिवळ्या पिशवीतून भट्टीत जातो. बसून सगळ्या एकदा वाचल्या. फार वेळ लागला नाही, तुमचीच अक्षरं ती.

शनिवारी नळी काढली, हे वन्संनी सांगितलं. त्या तिथेच उभ्या होत्या. म्हणाल्या, एवढीशी पट्टी लावली आणि डॉक्टर म्हणाले, झालं, आता आंघोळ करा. तुम्ही किती दिवसांनी डोक्यावरून पाणी घेतलंत आणि न्हाणीघरात किती वेळ लावलात, तेही सांगितलं. डाव्या हातातली शीर चांगली फुगलीय, आत भुंगा अडकल्यासारखी घुंघुं करते, त्यांनी कान लावून ऐकलं. मी ऐकलेलं नाही. आपण दोनदा बागेत भेटलो तेव्हा तुम्ही बाही खाली ओढून बसला होतात आणि मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला.

सकाळी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. गेल्या आठवड्यातल्या तपासणीत बुरशी अजून माझ्या अंगावर आहे. त्या म्हणाल्या, "जा घरी. भीती संपलेली नाही, कमी झाली आहे. हात धुवा, टॉवेल वेगळे, न्हाणीघर पुसून घ्या, डायलिसिसला जाताना काकांना स्वच्छ धुतलेले कपडे." मी विचारलं, रोज हात ठेवून ती घुंघुं चालू आहे ना ते बघायचं असतं म्हणे, ते मी केलं तर? त्या म्हणाल्या, "साबणाने धुतलेला हात असेल तर चालेल." डोकं ठेवायचं मी विचारलं नाही. उत्तर माहीत होतं.

पलंगावर आता मी उजवीकडे. खिडकीचा वारा तोंडावर येईल, त्याबद्दल मी रोज कुरकुर करीन आणि तुम्हाला तिचा गंध लागणार नाही. वरच्या मजल्यावरच्यांची भांडणंही गेली. पण एक गोष्ट त्या कानात वाया घालवायची नाही, म्हणून इथे लिहिते.

काचेच्या खोलीत मला बुरशीची भीती वाटली नाही. मरायचीही फारशी नाही. शिक्षिका गेली त्या सकाळी तिचा नवरा आयसीयूच्या दारात उभा होता. पिवळा गाऊन अजून अंगात, आणि त्या गाऊनवरूनच खिसे चाचपत होता. कुणीतरी विचारलं, काय शोधताय. तो म्हणाला, घराची किल्ली. तिच्याकडेच असते नेहमी. मला भीती वाटली ती त्याची. तुम्ही नसलेल्या घराचं कुलूप आपल्या हाताने उघडायची.

उद्या सकाळी येते. किल्ली आणत नाही. बेलही वाजवणार नाही, तुम्हाला ऐकू यायची नाही. दार उघडं ठेवून बसा.

तुमची,
मीच